गर्दीत शांत, मोकळ्या रस्त्यावर तापते: मायनरचं हेड खरंच काढायचं का?

बाबांचीमायनर

नमस्कार मंडळी,

गाडी १९६४ ची मॉरिस मायनर १०००, चार दरवाजी, १०९८ सीसीचं इंजिन. बाबांनी ती २६ वर्षं चालवली. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. तिच्याबद्दल मला जे काही कळतं ते त्यांच्या शेजारी टॉर्च धरून उभं राहिल्यामुळे. स्वतः हात काळे करायला मी आत्ता शिकतोय, म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

गर्दीत अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चालली तरी तापमानाचा काटा ८५ च्या आसपास असतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धरली की पंधरा-वीस मिनिटं काही होत नाही, मग काटा चढायला लागतो. ९०, ९५ करत १०४ पर्यंत जातो. त्यापुढे बघायची माझी हिंमत झाली नाही. वेग ५० वर आणला की सात-आठ मिनिटांत पुन्हा ८५. (मायनरला कंपनीचा तापमानाचा काटा नव्हता. हा बाबांनी नंतर बसवलेला, इलेक्ट्रिक.)

आतापर्यंत नवीन टाकलेल्या वस्तू: ८२ अंशांचा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप), ७ पीएसआय दाबाचं रेडिएटरचं झाकण, फॅनबेल्ट, वॉटर पंप. पंप उतरवला तेव्हा त्याच्या आणि हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) मधला तो बोटभर बायपास होजही बदलून घेतला. रेडिएटरमध्ये सफाईचं औषध टाकून दोनदा धुतला. फरक शून्य.

शिवाय पाणी रोज थोडं कमी होतं. मी सकाळी तोंडापर्यंत भरतो, संध्याकाळी तीन-चार सेंटीमीटर खाली गेलेलं असतं.

आमचे मेकॅनिक म्हणतात हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधली चकती) गेलंय, गाडी सोडून जा, हेड काढू. हे हेड शेवटचं बाबांनी बसवलं होतं. नटांचा क्रम मी वहीतून मोठ्याने वाचत होतो आणि ते टॉर्क रेंच ओढत होते. गरज असेल तर उघडीन, नाही असं नाही. पण उगाच नाही उघडायचं मला. खात्री कशी करायची ते कुणी सांगेल का?

रात्रपाळी

तुमचं लक्षण वाचून मला आधी खालचा होज आठवला. रेडिएटरच्या खालच्या टाकीतून पंपाकडे जातो तो. पंप त्यातून पाणी ओढतो, म्हणजे तो होज कायम शोषणाच्या बाजूला असतो. रबर आतून मऊ पडलं की जास्त आरपीएमवर तो चोखलेल्या आंब्यासारखा बसतो आणि पाण्याची वाट बंद होते. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, बघाल तर अगदी गुटगुटीत. इंजिन पुरतं गरम असताना बॉनेट उघडा, हाताने थ्रॉटल देऊन ३,००० च्या आसपास नेऊन धरा आणि होजकडे बघत राहा. फॅन फिरत असतो, बाही आणि बोटं लांब ठेवा.

तोपर्यंत थर्मोस्टॅट काढून चालवून बघा. मी माझ्या गाडीचा कायमचाच काढलाय.

सातसोळांश

खालच्या होजबद्दल रात्रपाळी यांचं बरोबर आहे, ते आजच तपासा. थर्मोस्टॅट मात्र काढू नका. तो काढला की इंजिन वेळेत गरम होत नाही, तेल पातळ व्हायला उशीर लागतो आणि सिलिंडर झिजतात. दुसरं असं की थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे पंप चालू असताना हेड आणि ब्लॉकमध्ये पाण्याचा थोडा दाब टिकतो, एक्झॉस्ट पोर्टभोवती (जळलेला वायू बाहेर जायच्या वाटेभोवती) पाणी जागच्या जागी उकळत नाही. रेसिंगसाठी मायनरच्या याच ए-सिरीज जातीच्या इंजिनातून थर्मोस्टॅट काढायचे तेव्हा त्याच्या जागी ब्लँकिंग स्लीव्ह (झडप नसलेलं कडं) बसवायचे, जागा उघडी सोडायचे नाहीत.

आता तुमच्या गाडीकडे येतो. गाडी कधी तापते, यात निम्मं उत्तर असतं. उभी असताना किंवा रांगताना तापत असेल तर फॅन, बेल्ट, श्राऊड (फॅनभोवतीचं आवरण), आयडल टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) इकडे बघायचं, कारण तिथे वारा फॅनच देतो. वेगात असताना फॅन असला-नसला सारखाच, समोरून भरपूर वारा येतो. तिथे प्रश्न उरतात दोनच: इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी पाणी रेडिएटरपर्यंत नेतंय का आणि रेडिएटर ती टाकतोय का? की मुळात इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय? हा शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत, तो बाजूला ठेवून द्या, मी परत येईन त्याच्यावर.

पण सगळ्याच्या आधी काट्यावर विश्वास ठेवायचा का ते ठरवा. सेन्सर हेडमधून काढा, वायर जोडलेलीच ठेवा, सेन्सरच्या पितळी अंगाला एक जाड वायर गुंडाळून ती इंजिनला अर्थ करा आणि सेन्सर उकळत्या पाण्यात धरा. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं, दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी. काटा काय दाखवतो ते लिहून ठेवा. हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर अर्थचं कनेक्शन खराब आहे, ते आधी घासून घ्या.

मग एक इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा. चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा पितळेवर तो खोटं बोलतो, बरंच कमी दाखवतो. जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर मोजा. रेडिएटरचा कोर (दोन टाक्यांमधला नळ्यांचा भाग) बहुधा काळा रंगवलेला असतो, तिथे अडचण नाही. इंजिन गरम आणि चालू असताना कोरवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हातभर अंतरावरून सावकाश फिरवा. मायनरच्या रेडिएटरमध्ये पाणी वरच्या टाकीतून खालच्या टाकीत उतरतं. वर गरम, खाली थोडं थंड हे ठीक. उभा थंड पट्टा सापडला तर त्या नळ्यांतून पाणी वाहत नाही.

हेड गॅस्केटचं: ब्लॉक टेस्टर मिळतो. काचेच्या नळीत निळं द्रावण असतं. रेडिएटरमधलं पाणी दोन बोटं कमी करायचं, नळी तोंडावर घट्ट बसवायची आणि इंजिन चालू ठेवून पाण्याच्या वरची हवा त्या द्रावणातून ओढायची. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. पाणीच ओढलं गेलं तर चाचणी वाया, म्हणून पातळी आधी कमी करायची. मिळाला नाही तर जुनी रीत आहे. इंजिन पूर्ण थंड असताना थर्मोस्टॅट काढा, फॅनबेल्ट उतरवा, हाऊसिंगच्या काठापर्यंत पाणी भरा आणि इंजिन सुरू करून दोन-तीनदा थ्रॉटल द्या. पंप थांबलेला असल्यामुळे पाणी स्थिर असतं, बुडबुडे आले तर स्पष्ट दिसतात. एका मिनिटाच्या वर चालवू नका. आणखी एक खूण: थंड इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तर काळजी करा. एवढ्यात पाणी तापून दाब येत नाही, तो गॅसचा दाब असतो.

आणि तुमचं रोजचं पाणी कमी होणं. मायनरला एक्स्पान्शन टाकी नाही. तोंडापर्यंत भरलेलं पाणी तापल्यावर फुगणार आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जाणार. तोंडाच्या खाली अडीच-तीन सेंटीमीटर जागा सोडून भरा आणि चार दिवस हातच लावू नका. तिथेच थांबलं तर ते गळत नाही, गाडी स्वतःची पातळी शोधतेय. गरम असताना झाकण उघडू नका हे सांगायला नकोच, तरी सांगतो. ७ पीएसआयच्या दाबाखाली पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही आणि झाकण उघडताक्षणी सगळं एकदम उकळून अंगावर येतं. माझ्या उजव्या मनगटावर त्याची खूण आहे.

बाबांचीमायनर

सातसोळांश, रात्रपाळी, मनापासून आभार. शनिवार-रविवार याच कामात गेला. जे सापडलं ते लिहितो.

खालचा होज ३,००० वर पाच मिनिटं धरला, जरासुद्धा बसला नाही. चिमटून बघितलं, आत स्प्रिंग आहे.

सेन्सर उकळत्या पाण्यात: काटा १०५. थर्मामीटर त्याच पातेल्यात ९९. म्हणजे काटा साधारण सहाने जास्त सांगतो. माझे १०४ खरे तर ९८ होते. जीव थोडा भांड्यात पडला, पण ८५ म्हणजे ७९ आणि तिथून ९८ पर्यंत चढणं, हे तर खरंच आहे.

टेपचं सांगितलंत ते बरं झालं. थर्मोस्टॅट हाऊसिंगवर तसंच मोजलं तर ५२ दाखवत होतं. टेप लावल्यावर ८१.

ब्लॉक टेस्टर एका मित्राकडून आणला. महामार्गावरून तापवून आणली, पातळी कमी करायला गाडी निवल्यावर झाकण उघडलं, परत गरम केली आणि पाच मिनिटं फुगा दाबत राहिलो. निळं ते निळंच राहिलं. शंका नको म्हणून तेच द्रावण सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं, तर काही सेकंदांत पिवळं. म्हणजे द्रावण चांगलं आहे आणि गॅस्केटही. त्या क्षणी मी जमिनीवर बसूनच राहिलो थोडा वेळ.

पाणी खाली ठेवून भरलं, चार दिवसांत पातळी हलली नाही.

आता कोर. ड्रायव्हरच्या बाजूला चार बोटं रुंदीचा उभा पट्टा ४८ ते ५२. बाकी सगळीकडे वर ८० आणि खाली ६८. तीनदा फिरवून बघितलं, पट्टा तिथेच. दोनदा औषधाने धुऊनही असं कसं?

कोर_आणि_टाकी

मी रेडिएटरचंच काम करतो, २२ वर्षं झाली. औषध जिथून वाट आहे तिथूनच जातं. उघड्या नळ्या आणखी स्वच्छ होतात, बुजलेल्या नळीत ते शिरतच नाही, कारण आत प्रवाह नाही. लोक पाच-पाच बाटल्या ओततात आणि बुजलेली नळी आहे तशीच राहते.

तुमच्याकडे कोरचा साधारण पाचवा भाग बंद आहे. रांगताना इंजिनची उष्णता कमी, उरलेले चार भाग सहज पुरतात. ८० ला पुरत नाहीत, पाणी हळूहळू वर चढतं. पंधरा-वीस मिनिटं लागतात त्याचं कारण तेच, रोजच्या हिशेबात थोडंथोडं कमी पडतंय.

उपाय रॉडिंग. वरची टाकी डाग (सोल्डर) सोडवून काढायची आणि प्रत्येक नळीतून चपटी सळई हाताने खालपर्यंत घालायची. पितळी रेडिएटर असल्यामुळे हे करता येतं, हल्लीच्या प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला नाही. पण आधी एक बघा. फिन (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) बोटाच्या नखाने हलकेच हलवा. नळीला पक्क्या चिकटलेल्या असतील तर रॉडिंग करा. हलत असतील, पावडर होऊन पडत असतील, तर नळी साफ करूनही उष्णता फिनमध्ये जाणार नाही. मग नवा कोरच बसवावा लागतो.

ब्लॉकचा नळ उघडला होता का? धुताना फक्त रेडिएटरचं पाणी सोडलं असेल तर खरा गाळ आतच आहे. तो मागे, चौथ्या सिलिंडरच्या बाजूला बसतो. रेडिएटर साफ करून घेतलात आणि ब्लॉक तसाच ठेवलात तर तो गाळ सहा महिन्यांत परत माझ्याकडे, म्हणजे रेडिएटरवाल्याकडे येतो.

पुढे भरताना साधं नळाचं पाणी नको. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. निम्म्यापेक्षा जास्त कूलंट घातलं तर उलट उष्णता वाहून न्यायची ताकद कमी होते. जुन्या डाग दिलेल्या पितळी रेडिएटरला चालेल असंच कूलंट घ्या, बाटलीवर लिहिलेलं असतं. जुनं सोडाल ते उघड्यावर ठेवू नका, गोडसर असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

सातसोळांश

कोर बुजलाय हे सिद्ध झालं. तरी मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न आता विचारतो, कारण पाचवा भाग बंद असताना खरे ९८ अंश मला थोडे जास्त वाटतात. सपाट रस्त्यावर, ८० च्या वेगाला या इंजिनला फार कष्ट नसतात.

अलीकडे पेट्रोल जास्त लागतंय का? ओढ आधीसारखीच आहे, चढावर तक्रार नाही, पण ॲव्हरेज पडलंय असं काही?

बाबांचीमायनर

तुम्ही हे कसं ओळखलंत? बाबांची वही काढून बसलो. प्रत्येक वेळी टाकी भरली की ते किलोमीटर आणि लिटर लिहायचे. मीही ती सवय चालू ठेवलीय. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत लिटरला १३.५ ते १४. माझ्या गेल्या पाच नोंदी ११.५ च्या वर नाहीत. मला वाटलं माझ्या चालवण्यातच फरक असेल. चढावर ओढ पूर्वीसारखीच आहे. टायमिंग मेकॅनिकने लाइट लावून तपासलं होतं, आयडलला अगदी पुस्तकाप्रमाणे आहे.

सातसोळांश

आयडलला बरोबरच दिसणार. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या यंत्राच्या) कुशीला चपट्या डबीसारखं व्हॅक्यूम ॲडव्हान्स असतं, ते ठिणगी लवकर पाडतं, त्याची बारीक नळी कार्ब्युरेटरला जाते. कार्ब्युरेटरवरचं ते छिद्र थ्रॉटलच्या पाकळीशी अशा जागी आहे की आयडलला तिथे व्हॅक्यूम पोचत नाही. थ्रॉटल थोडा उघडला की पोचतो. पूर्ण दाबला की पुन्हा नाहीसा होतो. म्हणजे हे यंत्र काम करतं ते फक्त हलक्या पायाने एका वेगात जाताना. नेमकं तुमच्या ८० ला.

त्या वेळी सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं आणि विरळ असतं, सावकाश जळतं. म्हणून ठिणगी बरीच आधी पडावी लागते. डबीतला पडदा फाटला की ती आधी पडत नाही. मिश्रण उशिरा जळायला लागतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही जळतच असतं. जी उष्णता पिस्टनला ढकलायला वापरली जायला हवी ती एक्झॉस्ट पोर्टमधून हेडच्या पाण्यात जाते. पेट्रोल जास्त, ताप जास्त, ओढ मात्र तीच, कारण पूर्ण थ्रॉटलला या डबीचा संबंधच नसतो.

तपासणी दोन मिनिटांची. डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि रोटर काढा. नळी कार्ब्युरेटरच्या टोकाला सोडवा, टोक पुसून तोंडात धरा आणि ओढा. आतली प्लेट, जिच्यावर पॉइंट (ठिणगीचा स्विच) बसलेले असतात, ती सरकायला हवी. मग जिभेने टोक बंद करा. प्लेट तिथेच धरून राहिली पाहिजे. नुसती हवा येत असेल तर पडदा गेला.

नवी डबी मागवताना जुनीवरचे आकडे वाचून मागवा. लुकासच्या डबीवर तीन आकडे ठोकलेले असतात: किती व्हॅक्यूमवर सुरू होते, कितीवर पूर्ण होते आणि जास्तीत जास्त किती अंश. शेवटचे अंश डिस्ट्रिब्युटरचे, क्रँकवर दुप्पट होतात. दिसायला सारखी म्हणून भलतीच डबी बसवली तर प्रवासात इंजिन ठोकायला लागेल.

आणि एक विनंती. डबी आणि रेडिएटर दोन्ही एकाच दिवशी करू नका. एक करा, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवा, आकडे लिहा, मग दुसरं करा. नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

रात्रपाळी

मी वाचता वाचता उठून माझी नळी ओढून बघितली. प्लेट सरकते आणि धरते. थर्मोस्टॅटही परत बसवतोय.

बाबांचीमायनर

तीन आठवड्यांनी लिहितोय, सुटे भाग यायला वेळ लागला.

नळी ओढली तर सरबताच्या रिकाम्या ग्लासातून स्ट्रॉ ओढावी तशी हवा आली. प्लेट हललीच नाही. जुन्या डबीवर घासून, भिंगाखाली धरून तिन्ही आकडे वाचले, तसलीच मागवली. बसवल्यावर टायमिंग लाइट लावून २,५०० वर बघितलं: नळी काढली की खूण मागे येते, लावली की पुढे जाते. आधी कधी हे दिसलंच नव्हतं.

फक्त डबी बदलून त्याच रस्त्यावर ८० ने अर्धा तास: काटा ९६ वर थांबला, म्हणजे खरे ९०. चढायचा थांबला हेच माझ्यासाठी मोठं होतं.

मग रेडिएटर. फिन पक्क्या निघाल्या. वरची टाकी काढली तेव्हा मी तिथेच उभा होतो. एका बाजूच्या नळ्यांची तोंडं तांबूस-पांढऱ्या चुन्यासारख्या थराने पूर्ण बुजलेली, सळई घालताना करकर आवाज येत होता. ब्लॉकचा नळ उघडला तर पाण्याचा थेंब नाही. तार घालून टोचत राहिलो, आधी काळपट चिखल आला, मग गुळाच्या पाकासारखं काहीतरी, मग एकदम धार. पाणी स्वच्छ येईपर्यंत बाग धुवायचा पाइप लावून ठेवला. जवळजवळ पाऊण तास लागला.

काल ८० च्या वेगाने ४० मिनिटं. काटा ८९, थांबून टेपवर मोजलं तर ८३. कोरवर इन्फ्रारेड फिरवला, पट्टा नाही.

मेकॅनिकना फोन करून हेडचं काम नको म्हणून सांगितलं. ते चिडले नाहीत, उलट डबी बघायला मागितली, उद्या नेऊन दाखवणार आहे.

बाबांच्या वहीत त्यांची शेवटची नोंद हेडच्या नटांची आहे, तारीख, टॉर्क आणि 'पुन्हा घट्ट केले ८०० किमी नंतर'. तिच्याखाली मी व्हॅक्यूम डबीचे तीन आकडे, रॉडिंगची तारीख आणि 'काटा ६ ने जास्त दाखवतो' एवढं लिहून ठेवलंय. टाकी परवा भरली, लिटरला १३.२.